खोल समुद्रात गरवलेला मासा सोडायचा असेल, तर तो जगेल असा सोडा

मासा हातातून सुटला, शेपटी मारून खाली गेला, बोटीवर टाळ्या वाजल्या. बहुतेकांच्या लेखी काम इथे संपतं. पण पोहत गेला म्हणजे जगला असं नाही. थकून गेलेला, कल्ले फाटलेला किंवा आतून फुगलेला मासा काही तासांनी, कधी दोन दिवसांनीही मरतो, आणि तो मरताना बघायला बोटीवर कोणी नसतं. म्हणूनच त्याच चुका परत परत होतात.

मालवण-देवगडपासून गोव्यापर्यंत जिगिंगला (जिग, म्हणजे धातूचं जड खोटं आमिष खोलात नाचवून गरवायला) जाणारे आणि अंदमानला जीटीसाठी, म्हणजे जायंट ट्रेव्हली माशासाठी, पॉपिंग (पाण्यावर खोटं आमिष उसळवून गरवणं) करायला जाणारे आपले बरेच लोक आता अभिमानाने सांगतात, की आम्ही मासा मारत नाही, सोडतो. हा अभिमान खरा असायला हवा. त्यासाठी करायच्या गोष्टी खाली क्रमाने दिल्या आहेत. क्रम महत्त्वाचा आहे, कारण पहिल्या तीन पायऱ्या चुकल्या तर शेवटच्या पायरीवर कितीही प्रेमाने मासा सोडला तरी फारसा उपयोग होत नाही.

१. किनाऱ्यावर असतानाच तीन गोष्टी ठरवा

पहिली गोष्ट, काय ठेवायचं आणि काय सोडायचं. घरी खायला एक-दोन मासे हवेत तर तसं आधी बोला: कोणती जात, किती, केवढा आकार. मासा बोटीवर आल्यावर 'ठेवू या की सोडू या' अशी चर्चा सुरू झाली, की तो डेकवर तडफडत राहतो आणि शेवटी अर्धमेला सोडला जातो. हा दोन्हीकडचा तोटा आहे.

दुसरी गोष्ट, कधी थांबायचं. 'आपण सोडतोच, मग कितीही धरा' हा विचार मला सर्वांत घातक वाटतो. नीट सोडलेल्या माशांतलेही काही मरतातच. जितके जास्त धराल तितके जास्त माराल, हे गणित चुकवता येत नाही. बोटीमागे एक आकडा ठरवा आणि तो तांडेलालाही, म्हणजे बोट चालवणाऱ्यालाही, सांगून ठेवा. आकडा गाठल्यावर चावे कितीही जोरात येत असले तरी गळ वर घ्या.

तिसरी गोष्ट, कायदा. जायंट ग्रूपर, व्हेल शार्क, करवत मासा या जाती वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. त्या कायद्यात पकडणं आणि पकडण्याचा प्रयत्न करणं हीसुद्धा शिकारच. त्यामुळे 'आम्ही फोटो काढून सोडला' हा बचाव होत नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून घोषित आहे, त्याच्या हद्दी तांडेलाला विचारून घ्या. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या काळात सोडण्याच्या नावाखालीही जाऊ नका, कारण बऱ्याच माशांच्या पोटात तेव्हा गाभोळी असते.

एक प्रश्न टाळू नये. खायचं नाही, मग निव्वळ खेळासाठी जिवाला त्रास का द्यायचा? स्वित्झर्लंडमध्ये सोडण्याच्याच उद्देशाने मासा धरायला कायद्याने बंदी आहे. मी त्या टोकाला जात नाही. पण तो कायदा करणाऱ्यांचा आक्षेप खोटा नाही, आणि त्याला उत्तर देण्याची जबाबदारी गळ टाकणाऱ्यावर येते. माझ्या मते उत्तर एकच: मासा जगेल अशी सगळी तयारी असेल तरच सोडण्यासाठी गरवा. तयारी नसेल तर खाण्यापुरतं धरा आणि घरी जा.

> तपासणी: बोट सुटण्याआधी प्रत्येकाला आकडा, ठेवायची जात आणि थांबायची वेळ माहीत आहे का? नसेल तर पाच मिनिटं जेटीवरच थांबा.

२. सामान: गळापासून सुरुवात करा

गळाचा काटा, म्हणजे टोकामागची उलटी धार, पकडीने दाबून सपाट करा. मासे सुटतील ही भीती बहुतांशी फोल आहे. तंगूस (नायलॉनची दोर) किंवा ब्रेड (विणलेली दोर) ताणलेली ठेवलीत तर बिनकाट्याचा गळही धरून राहतो, आणि काढताना एका हिसक्यात निघतो. तोच गळ स्वतःच्या हातात घुसला तर फायदा आणखी पटतो.

पॉपर आणि स्टिकबेट या खोट्या आमिषांवरचे तीनकाटी (तीन टोकांचे) गळ काढून एककाटी लावा. तीनकाटी गळाचं एक टोक जबड्यात आणि दुसरं डोळ्यात किंवा कल्ल्यात, हे जीटीच्या बाबतीत नेहमी दिसतं.

ताजं किंवा जिवंत आमिष वापरणार असाल तर सर्कल हुकच वापरा. त्याचं टोक आत वळलेलं असतं, त्यामुळे तो घशातून सरकत येतो आणि जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. अटलांटिकमधल्या अमेरिकी बिलफिश (मार्लिन, सेलफिश) स्पर्धांत नैसर्गिक आमिषासाठी तो २००८ पासून सक्तीचा आहे. इथे लोक चुकतात ते असं, की सर्कल हुक लावतात आणि सवयीने रॉडला जोराचा झटका देतात. झटका दिला की गळ तोंडातून बाहेर येतो. मासा ओढू लागला की फक्त रील फिरवत ताण वाढवत न्या. बाजूला ऑफसेट वळवलेला सर्कल हुक घेऊ नका, तो आत खोल अडकतो. स्टेनलेसचा गळही नको. दोर तोडावी लागली तर साधा गळ खाऱ्या पाण्यात गंजून पडतो, स्टेनलेस वर्षानुवर्षं तोंडात राहतो.

दोर आणि रॉड जड घ्या. हलक्या सामानावर मोठा मासा आणला याचं कौतुक समाजमाध्यमांवर फार होतं, पण ते कौतुक माशाच्या जिवावर असतं. जीटीसाठी पीई ८ (ब्रेडच्या जाडीचं माप) च्या खाली जाऊ नका आणि ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, घट्ट ठेवा.

हाताशी असायला हव्यात अशा बाकीच्या वस्तू: लांब पक्कड, गळ कापायची कातर, बिनगाठीच्या रबरी जाळ्याचं लँडिंग नेट, ओलं करता येईल असं गुळगुळीत मॅट, मोजपट्टी आणि मासा खाली पोहोचवायचं साधन. शेवटची वस्तू जवळजवळ कोणीच नेत नाही. तिच्याबद्दल सातव्या पायरीत सविस्तर.

> सावधान: सोडायच्या माशासाठी गॅफ (मासा वर ओढायचा टोकदार हुक) बोटीवर नकोच. जबड्यात हलकासा लावतो म्हणणाऱ्याचा हातही लाटेवर हलतो.

३. जागा निवडताना खोली आणि पाणी बघा

एप्रिल-मेमध्ये अरबी समुद्राचं वरचं पाणी ३० अंशांच्या आसपास जातं. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि त्याच वेळी माशाला तो जास्त लागतो. म्हणून त्या दिवसांत पहाटे लवकर निघा आणि ऊन चढलं की सोडण्यासाठी गरवणं थांबवा.

खोलीचा नियम सोपा आहे. खडपावर (समुद्रतळाच्या खडकावर) वीस वावांखाली, म्हणजे साधारण ३६ मीटरच्या खाली जिगिंग करायचं असेल आणि मासा परत खाली पोहोचवायचं साधन नसेल, तर तिथे सोडण्यासाठी गळ टाकू नका. हेकरू (ग्रूपर) आणि तांब (स्नॅपर) यांना हे सर्वांत जास्त लागू पडतं; कारण सातव्या पायरीत.

मुशींवरही (शार्कवरही) नजर ठेवा. अंदमानात थकलेला जीटी बोटीखालीच मुशीच्या तोंडी जातो, हे नेहमीचं आहे. सोडलेला किंवा ओढत आणलेला मासा मुशीने दोनदा नेला, तर ती जागा सोडा. पुढचा वाचेल ही आशा धरून तिथेच टाकत राहणं म्हणजे मुशीला हाताने भरवणं.

४. झुंज लहान ठेवा

मासा ओढत असताना त्याच्या स्नायूंमध्ये लॅक्टिक आम्ल साठतं आणि रक्ताचं रसायन बिघडतं. झुंज जितकी लांबते तितकं सावरणं अवघड. रॉड वर करून विश्रांती घेत बसू नका. सुरुवातीपासून शक्य तितका ताण ठेवा. तांडेलाला बोट माशाकडे न्यायला सांगा, यात कमीपणा काहीच नाही. नवखा माणूस दमला तर रॉड दुसऱ्याच्या हातात द्या. विक्रम नोंदवायचा नसेल तर एकट्यानेच आणला पाहिजे हा हट्ट कशासाठी?

उलट्या बाजूने एक सूचना: तळावरून हेकरू येत असेल तर तो खडपात शिरू नये म्हणून पहिले काही मीटर जोरात ओढा, मग गती थोडी कमी करा. हळू आणल्याने वाताशयाचा, म्हणजे माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीचा, प्रश्न सुटत नाही, पण घाईत तोंड फाटणं टळतं.

५. बोटीच्या कडेला: मासा पाण्यातच ठेवा

सगळ्यात जास्त नुकसान या दोन-तीन मिनिटांत होतं, आणि ते टाळणं पूर्णपणे आपल्या हातात असतं.

हवेत राहण्याची किंमत किती, याचा एक जुना प्रयोग सांगतो. कॅनडात १९९२ साली रेनबो ट्राउटवर तो झाला. दमवून लगेच पाण्यात सोडलेल्या माशांपैकी बारा तासांत सुमारे १२ टक्के मेले. दमवून ३० सेकंद हवेत धरलेल्यांपैकी ३८ टक्के, आणि मिनिटभर धरलेल्यांपैकी ७२ टक्के. ट्राउट गोड्या, थंड पाण्यातला मासा. आकडे जसेच्या तसे आपल्या जीटीला लावता येणार नाहीत, पण दिशा तीच आहे. कल्ल्यांचे पातळ पापुद्रे हवेत एकमेकांना चिकटतात आणि मासा श्वास घेऊ शकत नाही. अमेरिकेत अटलांटिकमधले ट्यूना, मार्लिन, सेलफिश सोडायचे असतील तर ते पाण्याबाहेर काढायलाच मनाई आहे.

म्हणून क्रम असा ठेवा:

अ) मासा कडेला येण्याआधी पक्कड हातात, नेट पाण्यात, कॅमेरा सुरू. शोधाशोध मासा आल्यावर करायची नाही.

आ) हात समुद्राच्या पाण्यात बुडवून ओले करा. कोरडा हात, फडकं किंवा सुती हातमोजा माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर पुसून काढतो. तो थर जंतूंपासूनचं त्याचं संरक्षण आहे.

इ) मासा नेटमध्ये पाण्यातच ठेवून गळ काढा. बोटीची कड उंच असेल आणि वर घेणं भाग असेल, तर ओल्या मॅटवरच. दुपारच्या उन्हात फायबरचं डेक पाऊल ठेवता येणार नाही इतकं तापतं, आणि त्यावर मासा आदळला की खवल्यांखालची त्वचा भाजते.

ई) बोटं कल्ल्यांत कधीही घालू नका. जबड्याची ग्रिप लावून मोठा मासा उभा टांगू नका. त्याचं पोट आणि आतडी पाण्याने तोललेली असतात. हवेत उभं टांगल्यावर सगळं वजन जबड्याच्या सांध्यावर आणि मणक्यावर येतं. एक हात शेपटीच्या मुळाशी, दुसरा पोटाखाली, मासा आडवा.

> तपासणी: मासा पाण्याबाहेर येताच स्वतःचा श्वास रोखा. तुम्हाला श्वास घ्यावासा वाटला की माशाची वेळ संपली.

६. गळ काढणं आणि फोटो

बिनकाट्याचा गळ आला तसाच उलटा ढकलून निघतो. गळ घशात किंवा कल्ल्याच्या मुळाशी असेल तर ओढाताण करू नका. तंगूस गळाच्या शक्य तितक्या जवळ कापा आणि सोडा. महागडा जिग परत मिळवण्यासाठी कल्ला फाडणारे लोक मी पाहिले आहेत. तो मासा मग वाचत नाही.

फोटोसाठी एकच संधी. कॅमेरावाला 'आता' म्हणेपर्यंत मासा पाण्यात, मग वर, एक-दोन क्लिक, परत पाण्यात. वजनाचा फोटो हवा असेल तर टांगायची गरज नाही. लांबी आणि घेर इंचांत मोजा, घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ८००. आलेलं उत्तर पाउंडांत अंदाजे वजन असतं.

७. खोलीवरून आलेला मासा परत खाली पोहोचवा

हेकरू, तांब यांच्या वाताशयाला, ज्याला आपले कोळी भोत म्हणतात, हवा लगेच बाहेर काढायची वाट नसते. पृष्ठभागावर दाब एक वातावरण. दर दहा मीटरला एकेक वाढत जातो. ३० मीटरवर तो चार होतो. तिथून मासा वर आला की आतली हवा चौपट जागा मागते.

दिसतं ते असं. तोंडातून गुलाबी, फुग्यासारखी पिशवी बाहेर लोंबते. डोळे खोबणीतून बाहेर आलेले, पोट टणक, खवल्यांखाली कधी कधी बुडबुडे. मासा पाण्यात सोडला तर उलटा तरंगतो, शेपटी मारतो, दोन फूट खाली जातो आणि परत वर येतो. थोड्या वेळाने समुद्रपक्षी येतात.

> सावधान: तोंडातली ती पिशवी वाताशय नाही, जठर आहे. तिला सुई, सुरी, गळाचं टोक यांपैकी काहीही लावू नका. आत ढकलूही नका. मासा खाली गेला की दाबाने ती आपोआप आत जाते.

पोटात पोकळ सुई घालून हवा काढायची पद्धत आहे, पण सुईची जागा आणि कोन चुकला तर हृदय किंवा यकृत फुटतं. शिकवणारा जवळ नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. मासा दाबाखाली परत नेणं सोपं आणि जास्त सुरक्षित. मेक्सिकोच्या आखातात खडपावरचे मासे धरणाऱ्या बोटींवर असं साधन किंवा सुई तयार ठेवणं २०२२ मध्ये बंधनकारक झालं. आपल्याकडे कोणी सक्ती करत नाही, म्हणून ते स्वतःहून करायचं.

बाजारात दाब ओळखून ठरलेल्या खोलीवर आपोआप उघडणारे चिमटे मिळतात. घरी करायचं असेल तर दोन पर्याय:

उलटा गळ. मोठा, काटा दाबलेला गळ घ्या. दोर गळाच्या वळणाला बांधा आणि शिसं गळाच्या डोळ्याला, म्हणजे गळाचं टोक खालच्या दिशेला राहतं. तो माशाच्या खालच्या जबड्यातल्या, आधीच्या गळाने पडलेल्या भोकातून घाला. शिसं मासा खाली नेतं. ठरलेल्या खोलीवर दोरीला वर एक झटका दिला की टोक भोकातून निसटतं. पाच किलोच्या आतल्या माशाला दीड ते दोन किलो शिसं लागतं. कमी पडलं तर मासा अर्ध्यावर तरंगत राहतो.

उलटा क्रेट. मासळीचा प्लास्टिकचा क्रेट उपडा करा, काठांना शिसं बांधा, तळाला दोर. मासा खाली धरून क्रेट सोडा. खाली पोहोचल्यावर मासा स्वतःच उघड्या बाजूने निघून जातो. एकाहून जास्त मासे असतील तर हा जास्त सोयीचा.

जमल्यास तळापर्यंत न्या. जमत नसेल तर निदान ज्या खोलीवरून आणला तिच्या निम्म्यापर्यंत. आणि हे सगळं पहिल्या दोन मिनिटांत. दोर आधीच मोजून, वावावर खूण बांधून, गुंता न करता बादलीत ठेवलेली असली पाहिजे. साधन पिशवीच्या तळाशी असेल तर ते नसल्यातच जमा.

सुरमई आणि सकल्याला (कोबिया) वाताशय नसतं, त्यामुळे त्यांना ही पायरी लागत नाही. पण सुरमई आणि कुपा (ट्यूना) हे तोंड उघडं ठेवून सतत पोहतात तेव्हाच कल्ल्यांतून पाणी जातं. ते थांबले की गुदमरतात. त्यांना हातात धरून बसू नका. डोकं खाली करून, कडेवरून सरळ पाण्यात सोडा, म्हणजे वेगाबरोबर कल्ल्यांत पाणी शिरतं.

८. सावरू द्या, मग चाचणी घ्या

जीटी थकलेला असेल तर शेपटीच्या मुळाशी धरून तोंड प्रवाहाकडे ठेवा. तांडेलाला बोट अगदी मंद गतीने पुढे घ्यायला सांगा. पाणी तोंडातून शिरून कल्ल्यांतून बाहेर जायला हवं. मासा पुढे-मागे, पुढे-मागे हलवण्याची सवय जवळपास सगळ्यांना आहे, आणि ती चुकीची आहे. मागे ओढताना पाणी उलटं शिरतं, त्याने प्राणवायू मिळत नाही.

सोडण्याआधी चार गोष्टी बघा:

- मासा हळूच एका कुशीवर कलता केला तर डोळा आडवा राहायला बघतो का? जिवंत, शुद्धीत असलेल्या माशाचं बुबुळ शरीराबरोबर फिरत नाही, क्षितिजाशी राहायचा प्रयत्न करतं.
- कल्ले एका लयीत उघडझाप करतात का?
- शेपटी दाबली तर झटका मारतो का?
- हात सैल केला तर पाठ वर ठेवून उभा राहतो का?

चारही होत असतील तरच सोडा. डोळा क्षितिजाशी राहत नसेल तर आणखी थांबा, मग बाकीचे लोक दुसऱ्या खडपावर जायची घाई करत असले तरी.

९. जगणार नसेल तर

कल्ल्यातून रक्त वाहत असेल, डोळा फुटला असेल, दहा मिनिटांनीही सावरत नसेल, आणि तो मासा ठेवणं कायद्याने चालत असेल, तर तो ठेवा. डोक्यावर एक नेमका घाव घाला, कल्ले कापून रक्त काढा, बर्फात घाला, आणि घरी नेऊन खा. त्या दिवसाच्या आकड्यात तो मोजा. 'आम्ही सोडतोच' म्हणत मेलेला मासा पाण्यात टाकणं हे सोडणं नव्हे. संरक्षित किंवा ठरलेल्या आकाराहून लहान मासा मात्र कोणत्याही अवस्थेत पाण्यातच गेला पाहिजे.

मुशी आणि पाकट यांच्या बाबतीत वर घ्यायचा प्रश्नच येत नाही. तंगूस शक्य तितकी आखूड कापा आणि जाऊ द्या. महाराष्ट्रात २०१८ पासून जाळ्यात अडकलेला संरक्षित जीव जाळं कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. जाळ्यावर पोट असलेला माणूस जाळं कापतो. हौसेखातर आलेल्याला एक जिग गमवायला जड जायचं कारण नाही.

१०. परतताना वहीत लिहा

प्रत्येक सोडलेल्या माशामागे पाच गोष्टी: जात, किती वावांवरून आला, गळ कुठे लागला होता, पाण्याबाहेर किती वेळ होता, गेला तेव्हा कसा होता. एक ओळ पुरते. दोन-तीन फेऱ्यांनंतर ही पानं उलटा. गळ पुन्हा पुन्हा घशात लागत असेल तर गळ बदला. तरंगत राहिलेले मासे एकाच खडपावरचे असतील तर ती जागा सोडण्याच्या यादीतून काढा, आणि पुढच्या वेळी बोट ठरवताना तांडेलाला फोनवरच सांगा, की त्या खडपावर फक्त खाण्यापुरतं.